शेक घेतला म्हणजे फिजिओथेरपी झाली का?

"दहा दिवस फिजिओ केली, काय उपयोग झाला नाही." कोल्हापुरात कंबरदुखीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. काय केलं विचारलं तर उत्तर ठरलेलं: पालथं झोपवलं, कमरेला पट्ट्या चिकटवल्या, मुंग्या आल्या, वीस मिनिटांनी घरी. अहो, तो शेक झाला, करंट झाला. फिजिओथेरपी अजून सुरूच झाली नाही.

मालिशीबद्दल तालमीच्या गावाला मी काय सांगणार? चोळल्यावर बरं वाटतं ते खरंच. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली त्याचं कारण मांडलं: दाबाची, स्पर्शाची संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या निरोपाची वाट अडवते. करंटचं टेन्स मशीन याच तत्त्वावर चालतं. म्हणजे मशीन मालिशीच्याच जातीचं. दोन्हीत आपण पडून राहतो आणि आराम काही तासांचा.

पैलवान मालिश कधी करून घेतो ते आठवा. पहाटे जोर-बैठका, लढत, मग अंग रगडणं. मेहनत वगळून नुसत्या मालिशीवर खासबागेच्या कुस्ती मैदानात कोणी उतरलेलं नाही. फिजिओथेरपीत ही मेहनत म्हणजे व्यायाम, आणि नेमका तोच लोक सोडून देतात.

सोडतात ते भीतीने. ताज्या लचकीत "दुखलं की थांब" बरोबर आहे. पण दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलं की हिशेब बदलतो. पुष्कळदा मूळ इजा भरून आलेली असते, मज्जासंस्था मात्र हळवी होऊन बसते. माणूस वाकायचं टाळतो, स्नायू कमजोर होतात, मग थोड्या कामानेही कळ येते. हे चक्र हळूहळू भार वाढवूनच तुटतं. व्यायामात थोडं दुखलं आणि सकाळपर्यंत निवळलं तर चालू ठेवायचं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर कमी करून फिजिओथेरपिस्टना सांगायचं.

आमच्या आईला फिजिओथेरपिस्टनी कागदावर पेनाने व्यायामाची चार चित्रं काढून दिली होती. पहिलं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, दहा वेळा. तो कागद तिने कॅलेंडरमागे खोचला आणि रोज रिक्षाने शेकायला गेली. महिन्याने मीच तो बाहेर काढला. पुढच्या दोन महिन्यांत दुखणं पूर्ण गेलं नाही, पण कपिलतीर्थ मंडईतून भाजीची पिशवी घेऊन ती चालत घरी आली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिलं. त्यात व्यायाम आहे, मालिशीलाही जागा आहे. टेन्स, अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार), ट्रॅक्शन (कंबर ताणणं) आणि कमरेचा पट्टा नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलंय. उठल्यापासून झोपेपर्यंत पट्टा आवळून फिरणारी माणसं बघितली की माझा जीव तुटतो.

मालिशवाला की फिजिओथेरपिस्ट, पदवी, फी, तेल की जेल, हे फरक किरकोळ. एक गोष्ट मात्र किरकोळ नाही: लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिर झालं किंवा पायातली ताकद गेली तर मालिशही नको, व्यायामही नको, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, तरी आधी डॉक्टरच.

बाकीच्यांनी पहिल्याच दिवशी विचारावं, "मी घरी काय करायचं ते करून दाखवा." मशीन लावून कोणी निघून जात असेल, तर दुसरीकडे जा.