शेपर मागे का पडला?

१८०० च्या सुमारास लोखंडाचा भाग सपाट करायचा म्हणजे छिन्नीने टवके काढायचे आणि मग कानस घेऊन बसायचं. इंग्लंडातल्या मोठ्या कारखान्यांतही हेच चाले. मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्सने १८१७ मध्ये प्लेनर, म्हणजे धातू तासून सपाट करणारं यंत्र, बनवला. त्यात हत्यार जागेवर राहतं आणि टेबलासकट जॉब, म्हणजे तासायचा तुकडा, पुढेमागे सरकतो. यंत्रांच्या लांब बेडसाठी, म्हणजे पायासाठी, ते उत्तम, पण इंजिनाच्या छोट्या सुट्या भागांसाठी एवढं अवजड टेबल कोण हलवत बसणार?

जेम्स नॅस्मिथने १८३६ मध्ये नेमकं उलट केलं. लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेच्या हाताखाली तयार झालेल्या या स्कॉटिश इंजिनिअरने जॉब व्हाइसमध्ये घट्ट धरला आणि हत्यार पुढेमागे सरकणाऱ्या दांड्याला, म्हणजे रॅमला, लावून चालवलं. हाच शेपर. या यंत्राला ‘नॅस्मिथचा स्टीम आर्म’ असं नाव पडलं. अशा आपोआप चालणाऱ्या यंत्रांवर उमेदवारी न केलेला मजूरही काम करू शकतो, असं नॅस्मिथचं मत होतं. कसबी कारागिरांच्या संघटनेला ते रुचणं शक्यच नव्हतं, आणि त्याच्या कारखान्यात संप झालाच.

शेपर पुढे जातानाच कापतो. परतीचा स्ट्रोक रिकामा. त्यावरचा तोडगा म्हणजे रॅम झटकन मागे आणणारी क्विक रिटर्न यंत्रणा, इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कधी ना कधी काढलेली ती आकृती. बुल गिअर, म्हणजे यंत्रातलं मोठं दातेरी चाक, एकाच वेगाने फिरतो, पण त्यावरची पिन रॅम चालवणाऱ्या खाचेच्या दांड्याला पुढे ढकलताना, समजा, २२० अंश फिरते आणि मागे आणताना उरलेले १४०. म्हणजे पुढच्या स्ट्रोकला लागणारा वेळ परतीच्या दीडपटीहून थोडा जास्त. परतताना टूल जॉबवर घासू नये म्हणून टूल धरणारा भाग, म्हणजे क्लॅपर बॉक्स, बिजागरीसारखा उचलला जातो. साधी युक्ती, पण मला यातली सगळ्यात देखणी वाटते ती हीच.

तरीही परतीचा वेळ वायाच. मिलिंग यंत्राचा फिरता कटर अनेक दातांनी सलग कापतो. उत्पादनाच्या हिशेबात शेपर तिथेच हरला, संगणकावर चालणारं सीएनसी फार नंतर आलं. टिकला तो टूलच्या स्वस्ताईमुळे. हायस्पीड स्टीलचा तुकडा ग्राइंडरवर हवा तसा घासला की आत रुंदावत जाणारी डोव्हटेल खाच असो वा व्ही-खाच, महागडा कटर लागत नाही. एखाददुसऱ्या नगाच्या दुरुस्तीकामाला तो अजून परवडतो. पुलीच्या आतला की-वे, म्हणजे तिला शाफ्टशी जोडणारी चावी बसवायची खाच, मात्र बहुतेक जण त्याच्या उभ्या भावंडावर, स्लॉटरवर काढतात.