पोलादी भिंतीची प्लाझ्माजन्य झीज

संमीलन अणुभट्टीत (हलक्या अणूंची केंद्रके जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या यंत्रात) प्लाझ्मातून, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूतून, येणाऱ्या कणांच्या माऱ्यामुळे भिंतीच्या पोलादातील अणू उडून जाण्याची क्रिया. तिचा वितळण्याशी संबंध नाही. भिंत तुलनेने थंड असतानाही ती चालू राहते.

टोकामॅक या कंकणाकृती संमीलन यंत्रातील चुंबकीय क्षेत्र आयनांना, म्हणजे विद्युतभारित अणूंना, थोपवते, उदासीन अणूंना नाही. प्लाझ्माच्या कडेला एखादा गार अणू आपला इलेक्ट्रॉन तप्त आयनाला देऊन बसतो. आता उदासीन झालेला तो वेगवान कण सरळ रेषेत सुटतो आणि प्लाझ्मापासून मागे सरकवलेल्या भिंतीवरही आदळतो. टकरीत पृष्ठभागावरील अणूला त्याच्या बंधनऊर्जेहून (त्याला पृष्ठभागाशी धरून ठेवणाऱ्या ऊर्जेहून) अधिक ऊर्जा मिळाली, की तो निसटतो. यालाच स्पटरिंग म्हणतात.

येथे वजनाचा हिशेब निर्णायक ठरतो. इंधनातील ड्यूटेरियमचा (हायड्रोजनच्या एका प्रकाराचा) हलका अणू एका टकरीत लोखंडाच्या अणूला आपली फार तर १३ टक्के ऊर्जा देऊ शकतो, टंगस्टन या जड धातूच्या अणूला जेमतेम ४ टक्के. शिवाय टंगस्टनची बंधनऊर्जा लोखंडाच्या दुप्पट. त्यामुळे लोखंड सुमारे ४० इलेक्ट्रॉन व्होल्टपासूनच (हे कणांच्या ऊर्जेचे एकक) झिजू लागते. टंगस्टनला २०० हून अधिक लागतात.

एवढ्यावर पोलाद बाद ठरले असते. परंतु युरोफर या युरोपीय पोलादात ९ टक्के क्रोमियमबरोबर सुमारे १ टक्का टंगस्टन असते. अणूंच्या गणतीत हे प्रमाण तीनशेत एक इतके तुटपुंजे. हे टंगस्टन झीज रोखण्यासाठी घातलेलेच नव्हते. न्यूट्रॉनच्या माऱ्याने दीर्घकाळ किरणोत्सारी होणाऱ्या मॉलिब्डेनमच्या जागी ते आले. तरी मारा सुरू झाला की लोखंड आधी निघून जाते, टंगस्टन मागे उरते. वरच्या काही नॅनोमीटरांत ते साचत जाते, पृष्ठभागावर सूक्ष्म सुळके उभे राहतात आणि झिजेचा वेग उतरतो.

हे कवच फार भरवशाचे नाही. कणांची ऊर्जा वाढली की टंगस्टनही उडू लागते. प्लाझ्माची कड थंड करण्यासाठी सोडलेला आरगॉन जड असल्यामुळे कमी ऊर्जेतही ते खरवडतो. तापमान फार चढल्यास टंगस्टनचे अणू विसरणाने (उष्णतेमुळे आपोआप पसरत जाऊन) पुन्हा आत पांगतात. मात्र युरोफरचा वापर सुमारे ५५० अंश सेल्सियसपर्यंतच अपेक्षित असल्याने ही अडचण दुय्यम. प्रत्यक्ष यंत्रात अन्यत्र झिजलेला मालही भिंतीवर येऊन बसतो, त्यामुळे प्रयोगशाळेतील आयनझोताचे आकडे तिथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

हे पोलाद लोहचुंबकीय असल्याने प्लाझ्माला बांधणारे क्षेत्रच बिघडेल, अशी वेगळी धास्तीही होती. जपानच्या जेएफटी-२एम टोकामॅकमध्ये एफ८२एच या त्याच जातीच्या पोलादाची भिंत बसवून पाहिली, तेव्हा प्लाझ्मा व्यवस्थित चालला.