आयरिश पोर्क-सफरचंद स्ट्यू

आयर्लंडमधला शरद-हिवाळ्यातला घरगुती रस्सा. डुकराच्या खांद्याचं मांस, कांदा, गाजर, सफरचंद आणि बहुतेक वेळा सायडर म्हणजे सफरचंदाची दारू घालून मंद आचेवर शिजवतात, काही घरांत प्रून्स (सुकवलेले प्लम) पण पडतात. जगभर 'आयरिश स्ट्यू' म्हणून जो मिरवतो तो हा नव्हे, तो मेंढीच्या मटणाचा आणि बटाट्याचा. याची ठरलेली अशी एकच रेसिपी नाही, घरोघरी वेगळी.

डुक्कर आणि सफरचंद दोन्ही तिथे फार जुने. जुन्या ब्रेहन कायद्यात (इंग्रजांच्या आधीच्या आयरिश कायद्यात) रानसफरचंदाचं झाड ओक, हेझल या मानाच्या झाडांच्या पंगतीला बसवलंय, परवानगीशिवाय तोडलं तर दंड म्हणून गाई द्याव्या लागायच्या. १९ व्या शतकात मात्र गरीब कुळाच्या घरचं डुक्कर खायला नसायचंच, बटाटे आणि सालपटं घालून पोसायचं आणि विकून जमीनदाराचा खंड भरायचा, म्हणून तर त्याला 'खंड भरणारे साहेब' म्हणायचे. घरी डुक्कर कापायचं झालंच तर साधारण नोव्हेंबरात, ११ तारखेच्या सेंट मार्टिनच्या सणाच्या आसपास, मग थोडं ताजं मांस शेजारीपाजारी वाटायचं आणि बाकीचं मीठ लावून पिंपात भरायचं. सफरचंदं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरवलेली असतात, म्हणजे ताजं पोर्क आणि ताजं फळ एकाच वेळी घरात, जोडी जमायला आणखी काय पाहिजे.

यातलं फळ गोडाधोडासाठी नाही हे आधी लक्षात घ्या. खांद्याच्या मांसाला चरबी भरपूर, ती तोंडात चिकटू नये म्हणून आंबटपणा हवा, गोव्यात विंदालूमध्ये जे काम व्हिनेगर करतं तेच इथे सफरचंद करतं. त्यासाठी ब्रॅमली जात उत्तम. ही मूळची इंग्लंडची, १८८४ मध्ये आयर्लंडच्या उत्तरेकडच्या आर्मा काउंटीत (जिल्ह्यात) आली आणि तिथलीच झाली, आर्माला 'बागांची काउंटी' म्हणतात आणि आर्मा ब्रॅमलीला २०१२ मध्ये युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकनही मिळालं. कच्ची खाल तर दात आंबतील अशी आंबट, पण शिजली की पार विरघळून रस्सा दाट करते, मैदा लावायची गरजच पडत नाही.

करायचं असं: मांसाचे दीड-दोन इंचाचे तुकडे पुसून कोरडे करा, जाड बुडाच्या भांड्यात थोडे थोडे टाकून लालसर परता, सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं आणि मांस भाजायच्या ऐवजी उकडतं. बाहेर काढा, त्याच चरबीत कांदा आणि लीक (जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी) मऊ होऊ द्या, मग सायडर ओता आणि बुडाला चिकटलेलं तपकिरी सगळं लाकडी चमच्याने खरवडून घ्या, खरी चव तिथेच असते, ते टाकून देणाऱ्याला काय म्हणावं. मांस परत घालून गाजर, स्टॉक (हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी), थाइम (एक सुगंधी पाला), तमालपत्र आणि एक ब्रॅमली चिरून टाका, झाकण ठेवून दीड-दोन तास बारीक आच, किंवा १६० अंशाच्या ओव्हनमध्ये. शेवटच्या २० मिनिटांत कच्चं खायच्या गोड सफरचंदाच्या जाड फोडी आणि प्रून्स, या आधी घातल्या तर त्यांचाही लगदा होतो. सायडर ड्राय म्हणजे बिनगोडाची घ्यावी, गोड घेतली की रश्श्याचा पाक होतो. टिपरेरीतल्या क्लॉनमेल गावची सायडर प्रसिद्ध, विल्यम मॅग्नरने तो धंदा १९३५ मध्ये सुरू केला, आज तीच आयर्लंड प्रजासत्ताकात 'बल्मर्स' आणि बाहेर 'मॅग्नर्स' नावाने विकतात.

पूर्वी हे सगळं बास्टिबल नावाच्या बिडाच्या भांड्यात, टर्फच्या (दलदलीतून कापून वाळवलेल्या इंधनाच्या) चुलीवर व्हायचं. सोबत सोडा ब्रेड किंवा कुस्करलेले बटाटे, त्यात कांद्याची पात घातली तर चँप, कोबी किंवा केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) घातला तर कोलकॅनन.