ड्रेन प्लगचा वॉशर (पिकअप ट्रकचं ऑइल घरी बदलताना)

इंजिनाच्या ऑइल पॅनला, म्हणजे आपले गॅरेजवाले ज्याला चेंबर म्हणतात त्याला, खालून एक बोल्ट असतो, तो ड्रेन प्लग. त्याच्या डोक्याखाली जी चपटी रिंग बसते तो हा वॉशर. कुणी वायसर म्हणतं, कुणी पॅकिंग. ऑइल बदलताना प्लग काढून जुनं ऑइल सोडायचं आणि प्लग परत लावताना ही रिंग नवी टाकायची, एवढंच काम. अमेरिकेत पिकअपवाले बरेच लोक घरासमोर स्वतःच ऑइल बदलतात, पिकअप उंच असल्यामुळे कित्येकदा जॅक न लावताच खाली सरकता येतं, आणि तिथे हा वॉशर पार्ट्सच्या दुकानात सुटा मिळतो, किंमत किरकोळ. तरी सगळ्यात जास्त टाळाटाळ याच्याच बाबतीत होते.

प्लगचे आटे ऑइल अडवत नाहीत हे आधी लक्षात घ्यायला हवं. आट्यांच्या फटीतून ऑइल खाली उतरतंच, त्याला खरं अडवतो तो वॉशर. प्लग आवळला की मऊ वॉशर दाबला जातो आणि चेंबरच्या तोंडावरचे बारीक ओरखडे, खड्डे भरून काढतो. एकदा दाबला गेला की तो त्याच आकारात राहतो, आपोआप परत मऊ होत नाही. जुना वॉशर हातात घेऊन नख फिरवून बघा, प्लगच्या कडेची गोल खाच स्पष्ट लागते. पुढच्या वेळी प्लग बरोबर त्याच खाचेत बसेल याची काही खात्री नाही.

वॉशर कशाचा आहे हे गाडीवर अवलंबून. टोयोटा टकोमाला १२ मिलिमीटरचा प्लग असतो, डोक्याला १४ नंबरचा पाना लागतो, आणि वॉशर वेगळा सुटा येतो. होंडा रिजलाइनला प्लग १४ मिलिमीटरचा आणि वॉशर अ‍ॅल्युमिनियमचा. शेवरले सिल्व्हराडोच्या व्ही-८ इंजिनांत मात्र सुटा वॉशर नसतोच, प्लगलाच रबरी सील चिकटवलेलं असतं, ते फाटलं किंवा कडक झालं की अख्खा प्लग बदलायचा. फोर्डने २०१५ पासून एफ-१५० च्या २.७ लिटर इकोबूस्ट इंजिनाला प्लास्टिकचा पॅन आणि प्लास्टिकचाच प्लग दिला, तो थोडा फिरवला की सुटतो आणि सील होतो ओ-रिंगने, म्हणजे गोल रबरी रिंगने, तिथे पान्याचा जोर लावायचा विषयच नाही. तांब्याचा वॉशर असेल तर तो लाल होईपर्यंत तापवून परत मऊ करता येतो, जुने मेकॅनिक हे करतात आणि ते शास्त्राला धरून आहे, तांबं दाबाने कडक होतं आणि तापवल्यावर मऊ पडतं. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत या भानगडीत पडू नये, लाल व्हायच्या आधीच ते वितळून जातं.

आता जुना वॉशर परत वापरला तर काय होतं? बऱ्याचदा काहीच होत नाही, आणि म्हणूनच लोक सोकावतात. चेंबरमध्ये ऑइल दाबाखाली नसतं, नुसतं साठलेलं असतं, त्यामुळे गळती झाली तरी आधी प्लगला ओल येते, मग कधीतरी एखादा थेंब. खरं नुकसान त्यानंतर होतं. थेंब दिसला की माणूस पाना घेऊन प्लग अजून आवळतो, पुढच्या वेळी अजून थोडा, आणि चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर एक दिवस आटेच निघून येतात. मग हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) टाका, मोठ्या मापाचा प्लग बसवा नाहीतर चेंबरच बदला. माझ्या मते वॉशर बदलायचं मुख्य कारण हेच आहे, नवा वॉशर असला की जास्त आवळायची गरजच पडत नाही.

किती आवळायचं याचा आकडा कंपनीने दिलेला असतो. टकोमाला ४० न्यूटन-मीटर, सिल्व्हराडोच्या व्ही-८ ला साधारण २५. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळू देणारा पाना, नसेल तर अंदाज असा, २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला २० किलोची ओढ म्हणजे जवळपास ४० न्यूटन-मीटर. पान्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही, कधीच नाही.

काम करताना गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावलेला, चाकांना ठोकळे, आणि जॅक लावला असेल तर जॅक स्टँड लावल्याशिवाय खाली जायचं नाही. इंजिन कोमट असावं, उकळतं नको. प्लग काढल्यावर जुना वॉशर प्लगबरोबर आला का ते बघाच, कारण कित्येकदा तो चेंबरच्या तोंडालाच चिकटून राहतो, काळ्या ऑइलमध्ये तो चेंबरचाच भाग वाटतो, आणि त्याच्यावर दुसरा बसला की हमखास गळतं. ऑइल फिल्टरच्या रबरी रिंगचंही तसंच, फक्त तिथे ऑइल दाबाखाली असतं म्हणून दोन रिंगा एकावर एक बसल्या तर काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर येऊ शकतं. तोंड फडक्याने कोरडं पुसायचं, प्लग आधी हाताने पूर्ण फिरवायचा म्हणजे आटे वाकडे लागत नाहीत, मग पाना. सिलिकॉन किंवा टेफ्लॉन टेप लावून जुन्या वॉशरवर भागवू नये, त्याचे तुकडे सुटून आत ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसू शकतात.

ऑइल भरून इंजिन काही मिनिटं चालवायचं, बंद करून खाली कोरडा टिशू लावून बघायचा, डिपस्टिकवर (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पातळी बघायची, आणि दोन-तीन दिवस गाडी चालवल्यावर परत एकदा टिशू लावायचा. वारंवार प्लग काढायचा कंटाळा येणारे काही पिकअपवाले प्लगच्या जागी जपानी फुमोटोसारखा छोटा व्हॉल्व्ह बसवतात, दांडी फिरवली की ऑइल सुटतं, त्यामुळे वॉशर दरवेळी बदलावा लागत नाही, पण खडकाळ रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला तो खाली किती लोंबतो हे आधी मोजून घ्यावं.