विनाअनुदानित शाळांचा पीएफ: पगारपत्रक आणि कागदपत्रांची तयारी

पुण्यात विनाअनुदानित शाळांचे पगार बघणाऱ्यांसाठी हे लिहितेय, कारण नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्यात आणि बऱ्याच शाळांची एक्सेल शीट अजून जुनीच आहे. अनुदानित शाळांचं शालार्थ (सरकारची ऑनलाइन पगार प्रणाली) आणि एनपीएसचं (राष्ट्रीय पेन्शन योजना) काम वेगळं, ते यात धरलेलं नाही.

20 किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागतोच, आणि मोजताना मावशी, शिपाई, बसचे ड्रायव्हर, ठेकेदाराकडून आलेले वॉचमनसुद्धा धरायचे. टक्का तोच, दोन्हीकडून 12, पण तो कशावर काढायचा हे आता नीट बघायला लागतं. घरभाडं, प्रवास असे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग मूळ वेतनात जोडायचा. समजा एका मॅडमना 22,000 मिळतात, त्यात बेसिक-डीए (मूळ वेतन आणि महागाई भत्ता) 9,000 आणि भत्ते 13,000, तर निम्मे होतात 11,000, जास्तीचे 2,000 बेसिकला गेले आणि पीएफ निघाला 11,000 वर, म्हणजे 1,080 ऐवजी 1,320 कापणार. शाळेलाही तेवढेच भरायचेत, त्यातले 916 पेन्शन खात्यात. हातात 240 कमी येणार हे मॅडमना पगार व्हायच्या आधी सांगा हो, स्लिप बघून कळलं तर कुणालाही वाईटच वाटतं. आणि सरसकट सगळ्यांना दिलेला स्पेशल अलाउन्स बाहेर ठेवू नका, सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये एका शाळेच्याच केसमध्ये तो बेसिकमध्ये धरायला सांगितलाय.

पीएफ 15,000 च्या कायदेशीर वेतनमर्यादेवरच कापत असाल तर 1,800 च्या वर जायची सक्ती नाही. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याचं वेतन 15,000 च्या वर असेल तर पेन्शन खातं नाही, शाळेचे पूर्ण 12 टक्के पीएफलाच. 58 पूर्ण झालेल्यांचंही तसंच, त्यामुळे जन्मतारखा एकदा चेक करा.

कागदपत्रं: फॉर्म 11 (नोकरीत येताना भरायचं पीएफचं घोषणापत्र), आधार, पॅन, पासबुक किंवा कॅन्सल चेक, जुना यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक) असेल तर तो. नवीन यूएएन उमंग ॲपवर चेहरा दाखवून निघतो, म्हणून मावशींच्या सोबत बसून स्मार्टफोनवर मदत करा. सगळ्यात जास्त अडतं ते नावात, आधारवर सासरचं आडनाव, पीएफला माहेरचं. ते जॉइंट डिक्लेरेशन (कर्मचारी आणि शाळा दोघांचा मिळून दुरुस्ती अर्ज) देऊन आधीच दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढे पैसे काढताना क्लेम परत येतो. ईसीआर (दर महिन्याचं ऑनलाइन पीएफ विवरण) भरून चलन पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, उशीर झाला की वर्षाला 12 टक्के व्याज आणि दंड वेगळा.