पुळणीवर धावा, किक मात्र मॅटवर
किकबॉक्सिंगच्या क्लासला नवीन आलेला मुलगा बॅगवर लाथ मारतो ती गुडघ्यापासून खालच्या पायाने. आवाज छान येतो, पण बॅग जागची फारशी हलत नाही. सर मात्र बघत असतात त्याच्या दुसऱ्या, जमिनीवरच्या पायाकडे. "टाच फिरव रे!"

राउंडहाऊस किकचा, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारलेल्या लाथेचा, जोर त्या टाचेपासून सुरू होतो. उभा पाय चवड्यावर फिरला, टाच बॅगच्या दिशेने आली, की कंबर मोकळी वळते. धड आणि कंबर हा शरीराचा जड भाग. तो आधी वेग घेतो, मग मांडी, शेवटी नडगी. जड भाग मंदावताना त्याची गती पुढच्या हलक्या भागाकडे जाते, म्हणून नडगी सगळ्यांत वेगाने येते. खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणारा असाच कंबरेतून वळतो. नुसत्या हातांनी फेकलेला पाग उघडत नाही. टाच अडकली तर तो पीळ जातो गुडघ्यात. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा दुमडणारा सांधा, त्याला पीळ फारसा सोसत नाही. आतली गादी आणि अस्थिबंध दुखावतात.

आपल्याकडे रत्नागिरीत हे सांगणं जास्त गरजेचं, कारण दाराशी समुद्र. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर किक मारतानाचे रील्स सुरेख दिसतात, पण मऊ वाळूत पाऊल रुततं आणि टाच फिरतच नाही. धावायला मात्र पुळण उत्तम. कोरड्या वाळूत धावायला कडक जमिनीपेक्षा साधारण दीडपट ऊर्जा लागते. नवख्याने ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर सुरुवात करावी.

हे धावणं कशासाठी? हौशी गटातली रिंगमधली लढत बहुधा दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. जीव तोडून मारा केला तर स्नायूंतला ऊर्जेचा तयार साठा दहाएक सेकंदांत संपत येतो. मग ऑक्सिजनविना साखर जाळणं, आणि पाय जड होणं. साठा पुन्हा भरायला ऑक्सिजन लागतो, म्हणून विश्रांतीच्या त्या मिनिटात दम परत येणं हे बरंचसं महिनोन्महिने केलेल्या धावण्यावर आणि दोरीउड्यांवर ठरतं.

खेळ तसा तरुण आहे. १९६०च्या दशकात जपानमध्ये कराटे आणि थाई बॉक्सिंगच्या टकरीतून तो आकाराला आला. 'वाको' ही जागतिक संघटना १९७६ची. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला २०२१मध्ये पूर्ण मान्यता दिली. (मान्यता म्हणजे ऑलिंपिकमध्ये समावेश नव्हे, जाहिराती काहीही म्हणोत.) प्रकार बरेच आहेत. फुल कॉन्टॅक्टमध्ये किक कमरेच्या वरच, लो किकमध्ये मांडीवरही चालते, के-वनमध्ये गुडघाही. नवख्याला मॅटवरचं पॉइंट फायटिंग बरं. गुण मिळाला की पंच लढत थांबवतात आणि जोरापेक्षा नेमकेपणाला किंमत असते.

आता घाम. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण वाळला तरच. मे महिन्यात रत्नागिरीच्या हवेत आधीच एवढी वाफ असते की घाम वाळण्याऐवजी ठिबकतो. पाणी जातं, गारवा मिळत नाही. हॉलमध्ये पंखा हवाच. सरावानंतर शहाळं चांगलंच, फक्त त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. जोडीला मीठ घातलेलं कोकम सरबत घ्यावं.

स्पर्धेच्या वजनगटात बसायला काही मुलं प्लॅस्टिकचं जॅकेट घालून घाम काढतात. दमट हवेत हे धोक्याचं. रक्तातलं पाणी घटतं, हृदय जास्त धडधडतं आणि शरीराचं तापमान चढत जातं. सरावाआधी आणि नंतर काट्यावर उभं राहून बघा. एक किलो उतरलं असेल तर तो जवळपास एक लिटर घाम आहे, चरबी नाही. आणि पहिल्या स्पर्धेला आहे त्याच वजनात उतरायला कोणाचीच ना नसते.