माहेर न सोडणाऱ्या माद्या

बामणोलीहून लाँचने कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडून वासोटा किल्ल्याच्या रानात शिरलं की वानरांची टोळी बहुतेक वेळा दिसतेच, आणि नजर आधी हुप्प्यावर, म्हणजे टोळीतल्या मोठ्या नरावर जाते. अंगाने दांडगा, आवाज दरीभर घुमणारा, एका उडीत अख्खी फांदी हलवणारा. टोळी त्याचीच वाटते. खरं तर तो तिथे काही वर्षांपुरताच आलेला असतो. काळ्या तोंडाच्या वानरांत, म्हणजे हनुमान लंगुरांत, माद्या सहसा माहेर सोडत नाहीत. आजी, आई, मावशा, लेकी एकाच टोळीत राहतात. नर मोठे होताना बाहेर पडतात आणि नुसत्या नरांच्या टोळक्यातून भटकतात.

हे कळायला पाहण्याची शिस्त लागते. प्राण्यांचं वर्तन अभ्यासणाऱ्या जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली ती नीट मांडली: एकच प्राणी आधी ठरवायचा, ठरलेला वेळ फक्त त्याच्याकडे पाहायचं आणि तो करेल ते लिहायचं, शेजारी कितीही मारामारी पेटलेली असो. फाटका कान, ओठावरचा व्रण, शेपटीचा बाक यावरून माद्या ओळखू यायला लागतात. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण गप्प बसलेल्या जनावरालाही तिच्यात जागा मिळते.

अशी एखादी मादी धरून ठेवली तर पहिले कितीतरी तास ती पानं खाते आणि बसून राहते. लंगुराच्या जठराला कप्पे असतात. तिथे जिवाणू पानं आंबवतात, तेव्हा कुठे ती अंगी लागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून दुपार जांभळीच्या नाहीतर अंजनीच्या सावलीत जाते. पिल्लू जन्मलं की मात्र हालचाल वाढते. त्याची लव काळपट आणि तोंड फिकट असतं. पहिल्या दिवसापासूनच इतर माद्या ते मागून, कधी ओढूनच घेतात. अजून न व्यायलेल्या तरण्या माद्या सगळ्यांत उतावीळ. काहींना धड धरताही येत नाही, पण तेवढ्या वेळात आई पोटभर चरून घेते.

याच घरावर बाहेरचे नर चालून येतात. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळच्या रानात पाहिलं, की जुन्या हुप्प्याला हुसकावल्यावर नवा नर तान्ही पिल्लं मारतो. गर्दीमुळे आलेली विकृती, असं काही शास्त्रज्ञ म्हणाले. राजस्थानातल्या अबूच्या वानरांवर काम करणाऱ्या संशोधक सारा हर्डी यांनी वेगळं कारण दिलं: पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते, म्हणजे नव्या नराला स्वतःची पिल्लं लवकर होतात, आणि त्याच्या हाती वेळ थोडा असतो. १९९९ साली नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांचे डीएनए तपासले, तेव्हा मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते असं दिसलं. प्रत्येक सत्तांतरात हे घडतं असं नाही. माद्या एकजुटीने नराच्या अंगावर धावून जातात, कधी पिल्लू वाचतं, कधी नाही.

घाटातल्या वळणावर बिस्किटं खाणाऱ्या टोळीत यातलं फारसं दिसणार नाही. तिथे दिवस गाड्यांची वाट पाहण्यात जातो, आणि गोड खाणं त्या आंबवणाऱ्या जठराला सोसत नाही. कोयना अभयारण्याच्या आत, वनखात्याची परवानगी घेऊन, दुर्बीण आणि वही घेऊन सकाळी लवकर जावं. हुप्प्या ओरडेल; त्याची वेळ टिपावी आणि पिल्लू कोणाच्या कुशीतून कोणाकडे गेलं ते लिहीत राहावं.